सुलोचना गाडगीळ यांचे मान्सूनसंशोधन अकरावीच्या वर्गात कसे मांडावे?

माणगंगा:

नमस्कार. मी साताऱ्याच्या माण तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात मान्सूनचा पाठ घेताना नेहमीप्रमाणे फळ्यावर जमीन आणि समुद्र असे दोन भाग काढले. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो, समुद्रावर तो जास्त राहतो आणि म्हणून बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे वाहू लागतात, हे सारे बाण काढून समजावून सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, आमचं घर पत्र्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही आणि जुलैत तेच घर गार असतं. मग वारे मे महिन्यातच का येत नाहीत?’ जमीन तापायला वेळ लागतो, असे काहीतरी उत्तर मी दिले. तास संपला, पण ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते.

उत्तर शोधताना प्रा. सुलोचना गाडगीळ यांचे नाव पुन्हा समोर आले. २०२५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी वाचले होते, परंतु त्या लेखांत ‘मान्सूनच्या थोर अभ्यासक’ यापलीकडे फारसे काही हाती लागले नव्हते. त्या मूळच्या पुण्याच्या आणि गणिताच्या विद्यार्थिनी, पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या, एवढेच मला ठाऊक आहे. गणिताकडून मान्सूनकडे त्या कशा वळल्या, त्यांनी नेमके काय शोधले आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या संशोधनात आहे का, हे कोणी जाणकार सविस्तर सांगू शकतील का? इंग्रजी शोधनिबंध वाचण्याची माझी तयारी आहे, पण त्यांतील महत्त्वाचा धागा कोणता हे आधी कळले तर वाचन सोपे जाईल.

सागरवारा:

सर, तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हवामानशास्त्रात विचारला गेला होता, हे तिला आवर्जून सांगा. मी वातावरणविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे आणि सुलोचनाबाईंचे निबंध आम्हाला अभ्यासाला होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्यांचा जन्म १९४४ सालचा, पुण्यातला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्या हार्वर्डला गेल्या आणि १९७० मध्ये त्यांनी तिथे उपयोजित गणितात पीएचडी मिळवली. त्यांचा त्या वेळचा विषय मान्सून नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहणारा गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह नदीसारखी वळणे का घेतो आणि ती वळणे काळानुसार कशी बदलतात, याचे गणित त्यांनी ॲलन रॉबिन्सन यांच्यासोबत मांडले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ज्यूल चार्नी यांच्याकडे त्यांनी काही काळ काम केले. संगणकाने हवामानाचा अंदाज काढण्याचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी चार्नी हे एक. म्हणजे त्या मान्सूनकडे आल्या त्या वाहत्या पाण्याचे आणि हवेचे गणित पक्के करून. गणिताकडून मान्सूनकडे येण्याची ही वाट तशी जुनीच आहे, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हेही मुळात गणितज्ञच होते.

१९७१ मध्ये त्या भारतात परतल्या आणि दोन वर्षे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होत्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीला वळण देणारी हीच दोन वर्षे, कारण तिथे त्यांची देवराज सिक्का यांच्याशी गाठ पडली. सिक्का हवामान खात्याच्या तालमीत तयार झालेले होते आणि रोजचे नकाशे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. १९७३ मध्ये सुलोचनाबाई बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सैद्धांतिक अभ्यासकेंद्रात रुजू झाल्या. पुढे तिथेच वातावरणविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, त्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि शेवटपर्यंत त्या त्याच संस्थेशी जोडलेल्या राहिल्या.

आता मूळ प्रश्न. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे मान्सून येतो, म्हणजे मान्सून हा किनाऱ्यावर रोज दुपारी वाहणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचाच प्रचंड आकाराचा आणि वर्षातून एकदा येणारा भाऊ आहे, ही कल्पना एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडली. ज्यांच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो तेच हे हॅली. १९२१ मध्ये जॉर्ज सिम्प्सन यांनी या कल्पनेवर जे आक्षेप घेतले, ते तुमच्या विद्यार्थिनीच्या आक्षेपांहून वेगळे नाहीत. सिम्प्सन भारतात हवामान खात्यात काम केलेले आणि कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी दाखवून दिले की जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याच्या आधी, आणि पाऊस ऐन भरात असताना जुलैमध्ये ती त्या मानाने थंड असते. देशाचा सर्वांत तापणारा भाग वायव्येकडचा, पण पाऊस सर्वांत कमी तिथेच पडतो. तिसरा मुद्दा आपल्या दुष्काळी पट्ट्यातील कोणालाही तोंडपाठ असेल: ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी पावसाळ्यात जमीन जास्त तापलेली असते. तापमानातील फरक हेच जर इंजिन असते, तर जास्त तापलेल्या वर्षी पाऊस जास्त पडायला हवा होता.

सिम्प्सन यांच्याकडे आक्षेप होते, पण पर्यायी चित्र पूर्ण करण्यासाठी लागणारी सामग्री नव्हती, कारण समुद्रावर काय चालले आहे हे फक्त जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या नोंदींवरून कळत असे. १९७०च्या दशकात उपग्रहांची छायाचित्रे रोज मिळू लागली. सिक्का आणि सुलोचनाबाई यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांची रोजची छायाचित्रे घेतली आणि भारताच्या रेखांशांवर, म्हणजे साधारण ७० ते ९० अंश पूर्व या पट्ट्यात, सर्वाधिक ढग कोणत्या अक्षांशावर आहेत याची दिवसागणिक नोंद केली. काम वरवर पाहता कारकुनी वाटते. पण त्या नोंदी तारखेच्या क्रमाने मांडल्यावर जे दिसले ते तोपर्यंत कोणी इतके स्पष्ट पाहिलेले नव्हते. पूर्व-पश्चिम पसरलेला ढगांचा एक लांबच लांब पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जन्म घेतो, हळूहळू उत्तरेकडे सरकत भारतावर येतो, तिथे काही आठवडे थांबतो आणि विरतो. तोवर समुद्रावर दुसरा पट्टा तयार झालेला असतो आणि तोही त्याच वाटेने वर चढतो.

हा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे आपल्यावरचा हा पट्टा आणि विषुववृत्तालगत साऱ्या पृथ्वीभोवती आढळणारा, दोन्ही गोलार्धांतील वारे जिथे एकत्र येऊन वर चढतात तो अभिसरण पट्टा, यांचे गुणधर्म सारखेच आहेत. म्हणजे मान्सून हा आपल्यापुरता निर्माण झालेला वेगळा चमत्कार नसून सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकणारा तोच पट्टा आहे, फक्त इथे तो इतर समुद्रांपेक्षा कितीतरी अधिक उत्तरेला, थेट जमिनीवर येऊन बसतो. दुसरी गोष्ट अशी की जमिनीवरचा पट्टा स्वतःच्या बळावर महिन्याभरापेक्षा जास्त टिकत नाही, समुद्रावरून चढून येणाऱ्या नव्या पट्ट्याने त्याला पुन्हा उभे करावे लागते. आपल्याकडे पाऊस लागून पडतो आणि मग खंड पडतो, त्याचा उलगडा बराचसा इथे होतो.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल: वारे नुसत्या तापलेल्या जमिनीच्या ओढीने येत नाहीत. बाष्पाने भरलेली हवा उंच चढून तिचे ढग होतात, तेव्हा बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता सुटते ती त्या साऱ्या यंत्रणेला चालवते, आणि ते ढग जिथे पट्ट्याने उभे असतील तिकडे वारे धाव घेतात. मे महिन्यात तो पट्टा अजून दक्षिणेला, समुद्रावर असतो.

गणेशखिंड:

सागरवारा यांचे विवेचन उत्तम आहे, मात्र एका गोष्टीबाबत मला शंका आहे. पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण सरसकट चूक आहे असे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले, तर तेही योग्य होणार नाही. पट्टा इतर समुद्रांवर इतका उत्तरेला जात नाही आणि इथेच का जातो, या प्रश्नाचे उत्तर शेवटी उत्तरेकडे पसरलेल्या जमिनीत आणि तिच्या तापण्यातच शोधावे लागते ना? वायव्येकडे जो कमी दाबाचा प्रदेश तयार होतो, तो तर तापलेल्या जमिनीमुळेच होतो.

शिवाय अकरावीच्या परीक्षेत जे उत्तर अपेक्षित आहे, त्याच्या विरुद्ध शिकवल्यास मुलांचे गुण जातील, याचाही विचार सरांनी करावा.

सागरवारा:

आपली सूचना रास्त आहे आणि माझ्या आधीच्या लेखनात हा भाग घाईने सुटला. जमिनीच्या तापण्याला काहीच स्थान नाही, असे सुलोचनाबाईंचे म्हणणे नव्हतेच. २००३ मध्ये त्यांनी मान्सून आणि त्याची वर्षागणिक होणारी चढउतार यांवर जो दीर्घ आढावा लिहिला, त्यात या दोन्ही कल्पना शेजारी ठेवून कोणत्या निरीक्षणाशी कोणती जुळते हे तपासले आहे. ढगांचा पट्टा कुठपर्यंत चढू शकेल हे ठरवण्यात जमिनीचा वाटा आहे. परंतु या वर्षी पाऊस जास्त आणि पुढच्या वर्षी कमी, किंवा या आठवड्यात झड आणि पुढच्या पंधरवड्यात खंड, हे जमीन-समुद्राच्या तापमानातील फरकावरून सांगता येत नाही, आणि शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते. मला स्वतःला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. ऋतू का बदलतो हा एक प्रश्न आणि एका वर्षाचा पावसाळा दुसऱ्यासारखा का नसतो हा दुसरा. हॅलींची कल्पना पहिल्या प्रश्नापुरती काही अंशी चालते, दुसऱ्यापाशी ती अडते.

वायव्येकडील तप्त प्रदेशाचे म्हणाल, तर तिथला कमी दाब उथळ असतो. हवा तळाशी तापून थोडी वर जाते, पण वरून खाली उतरणारी कोरडी हवा तिला अडवते, म्हणून आभाळ निरभ्र राहते. बंगालच्या उपसागरावरून आत येणारा कमी दाबाचा पट्टा मात्र खूप उंचीपर्यंत ओलसर असतो आणि पाऊस त्यातून पडतो. नकाशावर दोन्ही ठिकाणी ‘कमी दाब’ असेच लिहिलेले असते, त्यामुळे गोंधळ होतो. वर्गात हे सांगताना एका उभ्या छेदाची आकृती काढली तर मुलांना पटकन कळेल.

याच ओघात १९८४ च्या निबंधाचाही उल्लेख करतो. पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासोबत त्यांनी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि त्यावरील ढग यांची सांगड तपासली. पाणी जितके गरम तितके ढग जास्त, असा सरळ हिशेब असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सुमारे २८ अंश सेल्सिअस हा उंबरठा निघाला. त्याच्या खाली असलेल्या समुद्रावर उंच ढगांचे समूह क्वचितच उभे राहतात. उंबरठा ओलांडल्यावर ते उभे राहू शकतात, पण राहतीलच असे नाही, आणि पाणी आणखी तापले म्हणून ढग आणखी वाढतीलच असेही नाही. बंगालचा उपसागर पावसाळ्यात बहुतेक वेळ या उंबरठ्याच्या वर असतो, आणि १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागरकन्या’ व ‘सागरध्वनी’ ही जहाजे त्या उपसागरात उभी करून जी मोठी निरीक्षणमोहीम झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता: ऐन पावसात तिथले पाणी आणि हवा एकमेकांना काय देतात आणि काय घेतात. त्या मोहिमेच्या कामात आणि लेखनात सुलोचनाबाईंचा सहभाग होता.

कोरडवाहू:

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. माझी बहुतेक नोकरी सोलापूर-सांगोला भागात गेली. हवामानशास्त्राचे बारकावे मला ठाऊक नाहीत, परंतु सुलोचनाताईंच्या कामाचा एक भाग असा आहे की जो आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवा होता, म्हणून लिहितो.

आंध्रातील अनंतपूर आणि त्याला लागून असलेला कर्नाटकातील पावगडा हा भाग कोरडवाहू भुईमुगाचा. पाऊस वर्षाला जेमतेम ५५ सेंटिमीटरच्या आसपास. १९७०च्या दशकानंतर तिथल्या शेतकऱ्यांनी जुनी मिश्र पिके मागे टाकून भुईमूग धरला, कारण त्याला पैसा होता. जुन्या पिकांची पेरणी कधी करायची हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले होते, नव्या पिकाबाबत मात्र तसा अनुभव गाठीशी नव्हता. ताई आणि त्यांचे सहकारी तिथे गेले ते सल्ला द्यायला नव्हे, तर शेतकऱ्यांकडून प्रश्न समजून घ्यायला. शेतकरी कोणते निर्णय खरोखर घेऊ शकतो आणि त्यांतला कोणता निर्णय पावसाच्या जुन्या नोंदींवरून सुधारता येईल, असा त्यांचा रोख होता. उत्तर निघाले पेरणीची तारीख.

ज्याने भुईमूग केला आहे त्याला हे लगेच समजेल. फुलोऱ्यानंतर आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि मग शेंगा धरून भरू लागतात. या काळात जमिनीत ओल नसेल तर वेल वर कितीही हिरवा दिसो, उपटल्यावर हाताला पोचट शेंगा लागतात. अनंतपूरच्या शेतकऱ्यांचा पेरणीचा काळ साधारण २२ जून ते १७ ऑगस्ट असा लांबलचक होता आणि पहिला चांगला पाऊस झाला, वाफसा आला की पेरून मोकळे होण्याकडे साहजिकच कल होता. ताईंच्या गटाने अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी भुईमुगाच्या वाढीच्या संगणकीय प्रारूपात घालून प्रत्येक पेरणीचे उत्पादन काढून पाहिले. लवकर पेरलेल्या पिकाच्या आऱ्या नेमक्या ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत सापडतात. जुलैच्या मध्यानंतर पेरले तर शेंगा भरण्याचा काळ सप्टेंबरच्या पावसात येतो, पीक बुडण्याचा धोका कमी होतो आणि सरासरी उत्पादनही वाढते.

मला विशेष वाटले ते पुढचे. प्रारूपात फक्त ओलीचा हिशेब होता. शेतकऱ्यांनी सांगितले की पाऊस ओढ देतो तेव्हा पाने पोखरणारी अळी पडते आणि पाऊस लागून राहिला की टिक्का हा पानांवर ठिपके पाडणारा रोग येतो, तर ते धरल्याशिवाय तुमचा हिशेब आमच्या कामाचा नाही. ताईंच्या गटाने ते मान्य केले आणि कीड व रोग कोणत्या पावसाने सुरू होतात याचे नियम हिशेबात घेतले. गणितात पीएचडी केलेली व्यक्ती बांधावर बसून ऐकते आणि ऐकलेले समीकरणांपर्यंत पोहोचवते, याचे मोल मी आयुष्यभर बांधावर फिरलो म्हणून जाणतो. आमच्याकडे पेरणीच्या शिफारशी बहुधा संशोधन केंद्राच्या शेतावरून येत, आणि त्या शेतावर विहीर असे.

एक सावधगिरीही सांगतो. हीच तारीख उचलून कोणी माणदेशात लावू नये. आपल्याकडेही सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा मानतात हे खरे, पण जमिनी वेगळ्या, वाण वेगळे. घ्यायची ती पद्धत.

त्यांचा आणखी एक निबंध अर्थशास्त्राच्या अंगाने जातो. २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव, गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांनी १९५१ ते २००३ या काळातील पाऊस, अन्नधान्य उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचा संबंध तपासला. शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील हिस्सा घटत गेला, तरी तीव्र दुष्काळाचा फटका सगळा काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ५ टक्क्यांच्या घरातच राहिला. दुसरे असे आढळले की वाईट वर्षी जेवढे नुकसान होते, तेवढा फायदा चांगल्या वर्षी होत नाही. त्यांनी सुचवलेले कारण आम्ही गावोगाव डोळ्यांनी पाहिले आहे. कोरडवाहू शेतकरी खतावर आणि औषधावर पैसे घालायला धजत नाही, कारण पाऊस गेला तर घातलेलेही जाते. त्यामुळे पाऊस चांगला झाला तरी पीक असते त्या मर्यादेतच राहते. यंदा पाऊस चांगला होणार, हे जर विश्वासाने सांगता आले तर तो धजेल, आणि म्हणून ताईंना हंगामाच्या अंदाजात इतका रस होता, असे मी समजतो.

उत्तरा:

हंगामाच्या अंदाजाचा विषय निघाला आहे, तर २००२ सालाबद्दल लिहिणे भाग आहे. त्या वर्षीचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा होता. प्रत्यक्षात जुलैमध्ये देशभरात सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस झाला आणि हंगाम १९ टक्के तुटीने संपला. आमच्या घरी त्या वर्षी जुलैअखेर दुबार पेरणीचे बियाणे कुठून आणायचे याची चर्चा चालली होती, ती मला अजून आठवते.

या अपयशाने अनेकांना विचार करायला लावले, आणि सुलोचनाबाईंनी त्यातून जे शोधले ते माझ्या दृष्टीने त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे काम आहे. प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व विषुववृत्तीय भागातले पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापते, त्याला एल निनो म्हणतात. तो आणि आपला दुष्काळ यांचा संबंध तेव्हा सर्वज्ञात होता. परंतु १९९७ मध्ये विसाव्या शतकातील अतिशय प्रबळ एल निनो असताना भारतात पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला, आणि २००२ मधला एल निनो त्या मानाने कितीतरी सौम्य असताना तीव्र दुष्काळ पडला. १९९४ मध्येही परिस्थिती फारशी अनुकूल दिसत नसताना भरघोस पाऊस झाला होता. एकट्या प्रशांत महासागराकडे पाहून हा हिशेब लागत नव्हता.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की उरलेले उत्तर आपल्याच अंगणात, विषुववृत्तीय हिंदी महासागरात आहे. या समुद्राचा पश्चिम भाग आफ्रिकेच्या बाजूचा आणि पूर्व भाग सुमात्राच्या बाजूचा. काही वर्षी ढग पश्चिमेकडे जास्त उभे राहतात आणि पूर्वेकडे कमी, तर काही वर्षी उलट. या हेलकाव्याला त्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागराचे आंदोलन म्हटले, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘इक्विनू’ म्हणतात, आणि विषुववृत्तावरील मधल्या समुद्रात वारा पूर्व-पश्चिम दिशेने सरासरीपेक्षा किती वेगळा वाहतो यावरून ते मोजतात. पश्चिमेकडे ढग असतील तर आपल्या पावसाला पोषक, पूर्वेकडे असतील तर मारक. १९९७ मध्ये ते पोषक होते आणि त्याने एल निनोचा फटका झेलला. २००२ मध्ये दोन्हीही प्रतिकूल होते. एल निनो आणि हे आंदोलन एकत्र धरले, तर अतिवृष्टीची आणि दुष्काळाची बहुतेक सगळी टोकाची वर्षे ओळखता येतात, असा तो निष्कर्ष आहे.

सागरवारा यांनी सांगितलेला १९८० चा निबंध आणि हा २००४ चा निबंध मी लागोपाठ वाचले, तेव्हा लक्षात आले की चोवीस वर्षांनीही त्या त्याच ठिकाणी पाहत होत्या: विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढग कुठे उभे आहेत. आधी दिवसागणिक पाहिले, मग वर्षागणिक.

मात्र पोषक आहे की मारक, हे हंगाम सुरू होण्याआधी कळणे अजूनही अवघड आहे, हे वर्गात सांगताना लपवू नये. कारण समजणे आणि ते महिनोन्महिने आधी ओळखता येणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

माणगंगा:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. गणेशखिंड यांची परीक्षेची सूचनाही मी ध्यानात ठेवली आहे. पुस्तकातील स्पष्टीकरण शिकवेन, त्यावर सिम्प्सन यांचे तीन आक्षेप मुलांना स्वतः काढायला लावेन आणि मग ढगांच्या पट्ट्याकडे येईन. काल त्या विद्यार्थिनीला, तुझा प्रश्न १९२१ मध्ये एका मोठ्या शास्त्रज्ञाने विचारला होता, असे सांगितले, तर तिने लगेच विचारले, ‘मग पुस्तकात अजून का नाही?’

एक उपक्रम मनात आहे. आमच्या तालुक्याच्या पर्जन्यमापकावरील रोजच्या नोंदी तहसील कार्यालयातून मिळू शकतील. त्यांवरून मुलांकडून जुलै-ऑगस्टमधील खंड मोजून घ्यावेत असे वाटते. खंड नेमका कशाला म्हणावे, याची काही शास्त्रीय कसोटी आहे का?

सागरवारा:

आहे, आणि तीही सुलोचनाबाईंच्याच सहभागाने ठरलेली. एम. राजीवन आणि ज्योती भाटे यांच्यासोबत २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधात मध्य भारताचा एक गाभ्याचा पट्टा निश्चित केला आहे, साधारण १८ ते २८ अंश उत्तर आणि ६५ ते ८८ अंश पूर्व. त्या पट्ट्यातील रोजचा सरासरी पाऊस त्या तारखेच्या नेहमीच्या पावसापेक्षा किती कमी-जास्त आहे हे काढायचे आणि त्याला त्या तारखेच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे त्या तारखेचा पाऊस वर्षागणिक सरासरीपासून साधारण किती हलतो त्या मापाने, भागायचे. उत्तर सलग तीन दिवस उणे एकच्या खाली राहिले तर खंड, अधिक एकच्या वर राहिले तर जोरदार पावसाचा काळ. ही कसोटी फक्त जुलै आणि ऑगस्टसाठी आहे. १९५१ ते २००७ या काळाला ती लावून पाहिली असता खंडाचे दिवस वाढत किंवा घटत गेल्याचा ठोस कल आढळला नाही. हल्ली खंड वाढले, असे आपण सहज बोलून जातो, त्यामुळे हा निष्कर्ष मुलांना मुद्दाम दाखवावा.

एका पर्जन्यमापकाला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लागू पडणार नाही. माणसारख्या ठिकाणी जुलैत कित्येक दिवस शून्य पाऊस हीच नेहमीची स्थिती असते, त्यामुळे उणे एकच्या खाली आकडा जाणारच नाही. त्याऐवजी सलग किती दिवस अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला हे मोजा, कारण हवामान खाते पावसाचा दिवस तिथून धरते, आणि अशा ओढीच्या प्रत्येक काळाची सुरुवात व शेवट तारखेनिशी लिहून काढा. मग त्याच तारखांना गाभ्याच्या पट्ट्यात खंड होता का, हे निबंधातील कोष्टकाशी ताडून पाहता येईल. दोन्ही याद्या कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत हे मुलांनी काढले की ते इथे अवश्य टाका. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत त्या बऱ्याच ठिकाणी जुळणार नाहीत असा माझा कयास आहे, आणि जिथे जुळणार नाहीत त्या तारखांचे नकाशे काढून पाहायला मी मदत करीन.